चित्रपटगप्पांचे विनोदी पॉडकास्ट (मुंबई)

दोन-चार मित्रमैत्रिणींनी एकत्र बसून चित्रपट, वेबमालिका, गाणी, जाहिराती यांवर थट्टामस्करी करत मारलेल्या गप्पांचे ध्वनिमुद्रण करून ते भागाभागांनी इंटरनेटवर प्रसृत करण्याचा प्रकार. लिखित संहिता बहुधा नसते, फार तर मुद्द्यांचे टिपण समोर असते.

तांत्रिक पायाबद्दल फारसा वाद नाही. संकेतस्थळावर नवे काही आले की ते वर्गणीदाराला आपोआप कळवणारी आरएसएस नावाची पद्धत आहे. सॉफ्टवेअर विकासक डेव्ह वाइनर यांनी डिसेंबर २००० मध्ये तिच्या ०.९२ या आवृत्तीत ‘एन्क्लोजर’ (जोडपत्र) हा घटक घातला. त्यात तीनच गोष्टी नोंदवायच्या असतात : ध्वनीच्या फाइलचा पत्ता, तिचा बाइटमधील आकार आणि प्रकार. एवढ्यावर नवा भाग ऐकणाऱ्याच्या यंत्रात आपोआप उतरू लागला. पुढे दूरचित्रवाणी निवेदक अ‍ॅडम करी यांनी या पद्धतीचा प्रसार केला, आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिल्यावर ती सर्वदूर पोचली.

गप्पांचे हे रूप मात्र कोठून आले, याविषयी मतभेद आहेत. एक मत ते नभोवाणीकडून आल्याचे मानते. मुंबईत नियमित नभोवाणी २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाली, तेव्हा आवाजाशी जडलेली श्रोत्यांची सवय जुनी आहे. दुसरे मत डीव्हीडीवरील दिग्दर्शक-कलावंतांच्या समालोचनाकडे बोट दाखवते. तिसऱ्या मतानुसार मूळ कट्ट्यावर आहे : सिनेमा सुटल्यावर शिवाजी पार्कच्या कठड्यावर किंवा चाळीच्या गॅलरीत चालणारी चिरफाड. हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नभोवाणीवर वेळ मिनिटांत बांधलेली असते आणि एका वेळी एकानेच बोलावे अशी शिस्त असते. या पॉडकास्टचा जीव तर एकमेकांचे वाक्य तोडण्यात आणि विषय भरकटण्यात आहे. नभोवाणीने सवय दिली, घाट कट्ट्याने दिला, असे म्हणणे रास्त ठरेल.

हा गोंधळ ऐकण्याजोगा करणे हेच खरे कसब, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. प्रत्येकाला वेगळा माइक देऊन आवाज वेगळ्या ट्रॅकवर (स्वतंत्र ध्वनिपट्टीवर) घेतात. सुरुवातीला एक टाळी वाजवून सगळे ट्रॅक त्या ठोक्यावर जुळवतात. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून किंचित तिरपा धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ या वर्णांचा फुत्कार टळतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पंखा बंद करावा लागतो, खिडकीला जाड चादर लावावी लागते. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडवरचा मारा कशानेच थांबत नाही, म्हणून ध्वनिमुद्रण पावसाची उघडीप पाहून उरकतात. संकलनात दोघे एकदम हसतात तिथे एकाचा ट्रॅक थोडा खाली घेतात, पण हसू कापत नाहीत. ते कापले की कट्टा जातो आणि मुलाखत उरते.

मुंबईत या प्रकाराला स्टँड-अप विनोदाची साथ मिळाली. लोअर परळला २०१० मध्ये ‘कॉमेडी स्टोअर’ हे स्टँड-अपचे प्रेक्षागृह सुरू झाले. ‘एआयबी’ या विनोदी मंडळींच्या गटाचा आरंभ २०१२ च्या सुमारास तन्मय भट व गुरसिमरन खंबा यांच्या हिंदी-इंग्रजी पॉडकास्टने झाला. त्यांचे व्हिडिओ नंतरचे. २०१५ मध्ये आयव्हीएम ही पॉडकास्ट-निर्मिती संस्था शहरात उभी राहिली.

मराठी गप्पांत अशोक सराफ–लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या १९८० च्या दशकातील चित्रपटांचे संवाद संदर्भ न सांगता येतात. ते श्रोत्याला पाठ असतात. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला कोणत्या वेळेचा खेळ मिळाला, हा ठरलेला आणि रास्त संतापाचा विषय. त्यावर थट्टा होते, पण ती पोटतिडकीने होते.

चित्रपटातील तुकडे वाजवण्याबाबत निर्माते सावध असतात. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार समीक्षेसाठी कृतीचा उचित वापर करता येतो. तरी गाण्याचा ध्वनी ओळखून भाग अडवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांना कलम कळत नाही. म्हणून संवाद आपल्याच आवाजात नकलेने म्हणतात, आणि गाणे असेल तर चाल तोंडाने वाजवतात.