मशीनला करंट येतोय, पण किती?

"वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात," असं आई महिनाभर सांगत होती. टेस्टर टेकवला तर दिवा मिणमिणला. मल्टिमीटरची एक पिन मशीनच्या पत्र्याला आणि दुसरी न्यूट्रलला लावली, तर आकडा आला ११२ व्होल्ट. घरचा पुरवठा २३० व्होल्टचा, मग हे जवळपास निम्मे कुठून आले?

वॉशिंग मशीन, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय अशा उपकरणांत विजेतला गोंगाट गाळायला फिल्टर असतो. त्यात फेज ते बॉडी एक आणि न्यूट्रल ते बॉडी एक असे दोन सारखे छोटे कपॅसिटर (एसी करंट किंचित झिरपू देणारे भाग) असतात. अर्थिंग जोडलेलं असेल तर त्यांतून झिरपणारा करंट मुकाट जमिनीत जातो. ते तुटलेलं असेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लोंबकळते, म्हणून निम्मे व्होल्ट. असा कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा धरला, तर ५० हर्ट्झला त्यातून जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर जातो. बोटांना तो चुरचुरतो, पण जिवावर बेतत नाही.

झिरपणारा करंट असा किरकोळ आहे की जीवघेणा, हे मात्र मीटरला कळत नाही. डिजिटल मीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे मागे जोर असो वा नसो, आकडा तो तेवढाच दाखवतो. म्हणून त्याला भार द्यावा लागतो. आमच्या वायरमनने मीटरच्या त्याच दोन टोकांना १५ वॅटचा बल्ब जोडला. बल्ब लागला नाही आणि ११२ चा आकडा घसरून शून्याजवळ आला. व्होल्टेज होतं, पण पोकळ. पत्र्याला खरोखर फेज चिकटली असती, तर बल्ब लख्ख लागला असता.

पण बल्ब लागला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. गिझरच्या कॉईलला तडा जाऊन १० किलोओहमची गळती झाली, तर २३ मिलिअँपिअरपर्यंत करंट वाहू शकतो. ओल्या हातांनी तो जीव घेऊ शकतो, आणि बल्ब मात्र काळाच राहतो. अशा वेळी मीटर शून्यावर न येता काही व्होल्टांवर अडतो. तिकडे लक्ष ठेवायचं, आणि शंका आली तर मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्यायचं. ही कामं जाणकार वायरमनचीच. शिवाय गळती कधीकधी हीटर तापल्यावरच दिसते.

आमच्याकडे करंट पोकळ निघाला, तरी त्याने एक खरी गोष्ट सांगितली: घराला अर्थिंग नव्हतं. बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर गुंडाळून, टेप लावून मागे कोंबलेली. "न्यूट्रलला लूप मारून देतो, झिणझिण्या बंद," असं आधीच्या एका कारागिराने सुचवलं होतं, म्हणजे सॉकेटची अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडायची. त्याला नाही म्हटलं ते बरंच झालं. न्यूट्रल कुठे तुटला असता, तर चालू उपकरणातून परत येणाऱ्या फेजने घरातला प्रत्येक लोखंडी पत्रा २३० व्होल्टचा झाला असता.

अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा घेतला, वायर बोर्डापर्यंत आणली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला. त्याचं टेस्ट बटण दाबलं तसा तो खट्कन पडला. मीटर पुन्हा पत्र्याला लावला तर आकडा एक व्होल्टच्याही आत.