स्क्रीन काळी झाली म्हणून पॉवर बटण दाबू नका

आमच्याकडून रॅम-सफाई (मशीन बंद होताना रॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी, पुसून टाकण्याची सोय) बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी

पावसाळा लागल्यापासून म्हापशातल्या आमच्या दुकानात एकच तक्रार येते: "शटडाऊन केलं की मशीन अडकतं." ते अडकलेलं नसतं. स्क्रीन काळी होते, वर एक पांढरी ओळ दिसते, पंखा फिरत राहतो. त्या वेळी रॅम पुसली जात असते. रॅम जितकी जास्त, तितका वेळ. नेमकं तेव्हाच बटण दाबून धरलं, तर सफाई अर्ध्यावर सुटते. गेल्या महिन्यात एका वकिलांच्या ऑफिसातलं मशीन आम्ही उघडलं, रॅम बदलून पाहिली, अर्धा दिवस घालवला; बिघाड काहीच नव्हता.

वीज तुटताच रॅम कोरी होते, हा समज चुकीचा आहे. 2008 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी धूळ उडवायच्या स्प्रेचा डबा उलटा धरून रॅम उणे 50 अंशांपर्यंत थंड केली. वीज तोडून 10 मिनिटं झाली तरी 1 टक्काही बिट बिघडले नव्हते. आपल्याकडच्या उकाड्यात रॅम लवकर विसरते, पण तो स्प्रे इथेही चालतोच. डिस्कच्या कुलपाची (एन्क्रिप्शनची) किल्ली मशीन चालू असताना याच रॅममध्ये असते; ती कोणी तिथून वाचली, तर पासवर्ड कितीही लांब असून उपयोग नाही.

सगळ्या प्रोसेसरांना एकच उपाय लागू पडत नाही. इंटेल-एएमडीच्या 64 बिट मशीनवर शेवटी आम्ही एक छोटा कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चढवतो; तो रॅम शून्यांनी भरतो आणि मग मशीन बंद करतो. जुन्या 32 बिट मशीनवर पीएई (4 जीबीहून जास्त रॅम वापरू देणारी सोय) नसलेल्या कर्नेलला 4 जीबीच्या पलीकडचं दिसतच नाही, वरची रॅम तशीच राहते. म्हणून आधी कर्नेल बदलायचा आग्रह धरतो. काहींना तो वाढीव खर्च वाटतो, पण अर्धवट पुसून पूर्ण पैसे घेणं आम्हाला पटत नाही. रास्पबेरी पायसारख्या आर्म बोर्डांवर (वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या छोट्या कंप्युटरांवर) ही युक्ती भरवशाची नाही. तिथे लिनक्स कर्नेलच्या 5.3 आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून मिळणारी 'इनिट ऑन फ्री' सोय चालू करतो: प्रोग्रामने सोडलेली मेमरी तिथल्या तिथे शून्य होते.

लॅपटॉप नुसता मिटलात तर तो झोपतो, रॅमला वीज मिळत राहते आणि काहीच पुसलं जात नाही. डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएस ठेवावाच. वीज गेली की सफाईला वेळच उरत नाही. चवथीआधी मशीन आणलंत तर सफाईची चाचणी आणि यूपीएसच्या बॅटरीची तपासणी फुकट करून देऊ. लॅपटॉप असेल तर चार्जर सोबत आणा.