यादीत नसलेली काडेपेटी

एका शाळेला बक्षीस समारंभासाठी २०० प्रमाणपत्रं हवी आहेत असं धरू. नावं एक्सेलमध्ये आहेत, नक्षीदार किनारीचा कोरा नमुना तयार आहे, आणि संगणकाच्या सरांनी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पंधरावीस ओळींचा प्रोग्राम लिहिलाय: एकेक नाव घ्यायचं, चित्रावर उमटवायचं, फाईल सेव्ह करायची. अक्षरं उमटवायला पिलो नावाची लायब्ररी. घरच्या लॅपटॉपवर सगळं नीट चाललं. शाळेतल्या विंडोजच्या मशिनवर पिलो बसवली, तिथेही एकही लाल ओळ आली नाही. सरांनी चाचणी म्हणून ‘मराठी’ हा शब्द छापून पाहिला, सुरेख आला. मग २०० नावं सोडली आणि निखिलचा ‘नखिलि’ झाला. खालच्या ओळीतला ‘विद्यार्थी’ तर ओळखू येईना: वेलांटी ‘द’च्या डोक्यावर, जोडाक्षर फुटून पाय मोडल्याची खूण उघडी पडलेली, रफार गायब.

संगणकाने तक्रार केली नाही, कारण त्याच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. एक वस्तू कमी होती, इतकंच.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्याला आयता मिळणारा कोड. पण त्या दुसऱ्यानेही तिसऱ्याचा कोड आयताच घेतलेला असतो. आकडेमोडीसाठी पँडाज मागवलं की नमपाय येतं, डेटयुटिल येतं, आणि डेटयुटिलला लागतं म्हणून सिक्स नावाचं एक चिटुकलं पॅकेजही मागोमाग येतं. या लागणाऱ्या वस्तू म्हणजे डिपेंडन्सी. प्रत्येक पॅकेजसोबत त्यांची यादी असते, कुठली आवृत्ती चालेल या अटीसकट. पायथनची पॅकेजेस आणून बसवणारा पिप हा प्रोग्राम ही यादी वाचतो, आलेल्या प्रत्येक वस्तूची यादी पुन्हा वाचतो, आणि सगळ्यांच्या अटी एकदम पाळणारा संच जुळवू पाहतो.

वाटतं तितकं हे सोपं नाही. एकाला नमपाय २ च्या खालचं हवं, दुसऱ्याला २ च्या वरचंच चालतं, तिसऱ्याच्या जुन्या आवृत्तीला दोन्ही चालतात पण ती आवृत्ती चौथ्याला नको असते. असा संच आहे की नाही हे ठरवणं संगणकशास्त्रात ‘एनपी-कम्प्लीट’ गटात मोडतं. म्हणजे कुठल्याही परिस्थितीत झटपट उत्तर देईल अशी युक्ती आजवर कुणाला सापडलेली नाही. नोव्हेंबर २०२० पर्यंत पिप या भानगडीत फारसा पडतच नसे. आधी दिसलेली अट धरायचा, नंतरच्याशी तिचं वाजलं तरी पुढे रेटायचा. २०.३ आवृत्तीपासून तो मागे फिरून दुसरा पर्याय बघतो आणि जमलंच नाही तर सरळ नाही म्हणतो. कधी कधी तो एकाच पॅकेजच्या जुन्या जुन्या आवृत्त्या उतरवत बसतो, ते याच कारणाने.

नंतर खात्री करायला ‘पिप चेक’ ही आज्ञा आहे. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची यादी ती पुन्हा तपासते आणि काय नाही, काय जुळत नाही ते सांगते. शाळेतल्या मशिनवर ही आज्ञा दिली असती तर उत्तर आलं असतं: काही अडचण नाही.

सत्यनारायणासाठी गुरुजी सामानाची यादी देतात. हळद, कुंकू, सुपाऱ्या, विड्याची पानं, खारका, कापूर. वाण्याकडून सगळं येतं, एकेकावर खूण होते. यादीत काडेपेटी नसते; ती घरात असणारच हे गृहीत. पिपची यादीही पायथनच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंपुरतीच. बाहेरच्या वस्तू लिहायला पॅकेजच्या माहितीत एक रकाना आहे खरा, पण पिप तो वाचत नाही.

म्हणून ओपनसीव्ही ही चित्रं ओळखणारी लायब्ररी लिनक्सच्या बिनपडद्याच्या सर्व्हरवर बिनबोभाट बसते आणि पहिल्याच वापराला ‘लिबजीएल’ फाईल सापडत नाही म्हणून कोसळते. ती फाईल पडद्यावर चित्र काढण्याच्या व्यवस्थेचा भाग. घरच्या संगणकावर ती सहसा असतेच. विंडोजवर नवा गेम उघडताना ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल’ नाही अशी पाटी येते, तेही दुखणं याच जातीचं. (तेव्हा कुठल्याही साइटवरून ती एक फाईल उतरवू नये, मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ चा संच बसवावा.) डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत पॅकेजेस बसवणारं एपीटी यात उजवं ठरतं, कारण पायथनची पॅकेजेस आणि लिबजीएलसारख्या फाइली, सगळं एकाच दुकानात आणि एकाच यादीत असतं.

अशा फाइली तपासायला लिनक्सवर ‘एलडीडी’ आहे. प्रोग्राम सुरू होतानाच ज्या फाइली लागणार त्या ते ओळीने दाखवतं आणि नसलेल्यापुढे ‘सापडली नाही’ असं लिहितं. ओपनसीव्हीचा घोटाळा तिथे लगेच उघडा पडतो. पिलोचा मात्र तिथेही पडत नाही.

देवनागरी लिहायची तर अक्षरं नुसती ओळीने मांडून भागत नाही. ‘नि’ साठवताना आधी ‘न’ आणि मग वेलांटी असते, कागदावर मात्र वेलांटी आधी. ही उलटापालट हार्फबझ नावाचा कोड करतो. पिलो त्याच्यापर्यंत रक्म नावाच्या मध्यस्थामार्फत पोचते (हा मूळ अरबी शब्द, आपल्या ‘रक्कम’चा नातलग). २०२१ च्या ८.२ आवृत्तीपासून पिलोच्या तयार पॅकेजमध्ये रक्म बरोबरच येतो. पण रक्मला फ्रायबिडी नावाचा आणखी एक कोड लागतो, आणि तो मशिनवर आहे का हे प्रोग्राम चालू झाल्यावर पाहिलं जातं. म्हणून तो ना पिपच्या यादीत, ना एलडीडीच्या. नसेल तर रक्म बाजूला पडतो, त्याच्यासोबत हार्फबझही, आणि पिलो साध्या पद्धतीवर येऊन अक्षरं साठवलेल्या क्रमाने ठेवत जाते. इंग्रजीला त्याने काही फरक पडत नाही. ‘मराठी’ शब्दालाही नाही, कारण त्यात ना पहिली वेलांटी, ना जोडाक्षर.

गंमत म्हणजे फ्रायबिडीचं काम उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या उर्दू-अरबीसारख्या लिप्यांचं. मराठीला त्याची गरजच नाही, आणि तरी त्याच्यावाचून निखिलची वेलांटी चुकते.

पिलोला थेट विचारता येतं: ‘फीचर्स’ विभागातल्या ‘चेक’ला रक्मचं नाव दिलं की हो किंवा नाही असं उत्तर येतं. मला दुसरी वाट जास्त आवडते. मजकूर उमटवतानाच भाषा मराठी आहे असं कळवून टाकायचं. मग रक्म नसेल तर पिलो गुपचूप साध्या पद्धतीवर न जाता तिथेच थांबते आणि रक्मशिवाय भाषा ठरवता येत नाही असं सांगते. आणि चाचणीला शब्द घ्यायचा तो ‘विद्यार्थी’.