शाळेची इमारत : शिकण्याचे साधन

प्राथमिक शाळेची पायरी, दार, खिडकी, गज, फरशी, ओसरी आणि अंगण मुलांना हाताळता येतील, मोजता येतील, त्यांवरून प्रश्न विचारता येतील अशा रीतीने आखण्याची पद्धत. शिक्षकांच्या बोलण्यात ती 'बाला' ('बिल्डिंग ॲज लर्निंग एड' या इंग्रजी नावाचे लघुरूप) या नावाने रुळली आहे. इमारत निवारा देतेच. थोड्या जादा विचाराने तीच इमारत गणित, भाषा, भूगोल आणि विज्ञानाच्याही कामी यावी, ही त्यामागची कल्पना. भारतात ती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून दिल्लीच्या 'विन्यास' या संस्थेतील वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी आणि प्रीती वाजपेयी यांनी युनिसेफच्या साहाय्याने विकसित केली. राजस्थानातील शाळांमध्ये तिचे सुरुवातीचे प्रयोग झाले आणि सर्व शिक्षा अभियानातून ती बहुतेक राज्यांत पोहोचली. शाळेची जागा हेही शिकण्याचे साधन आहे, ही भूमिका २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात 'विद्या मंदिर', 'कुमार विद्या मंदिर', 'कन्या विद्या मंदिर' अशा नावांनी चालणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बाला म्हटले की रंगवलेल्या भिंती डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात रंगकाम हा या पद्धतीचा सर्वांत छोटा भाग आहे. तिचे खरे बळ बांधकामात आहे, आणि कोल्हापूरपुरते बोलायचे तर इथल्या उन्हात, पावसात आणि नद्यांत आहे.

पूर्वपीठिका

पंतोजींच्या शाळेला स्वतःची इमारत क्वचितच असे. ओसरीवर किंवा देवळात मुले बसत, धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवत आणि पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे तालात म्हणत. त्या पद्धतीत घोकंपट्टी फार होती. पण अक्षराची पहिली ओळख बोटाला होत असे, ही तिची जमेची बाजू. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी गावोगावच्या शाळा चावडीत, देवळात, धर्मशाळेत भरत. मूल शाळेत आले पाहिजे हा पहिला प्रश्न होता, खोली कशी असावी हा नंतरचा. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. पुढच्या काळात कौलारू, मग पत्र्याच्या आणि स्लॅबच्या वर्गखोल्या एकाच नमुन्याच्या नकाशावरून उभ्या राहिल्या. गगनबावड्याला जो नकाशा तोच शिरोळला. या सरधोपटपणाचे नुकसान आजही दिसते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अडथळारहित प्रवेश, क्रीडांगण आणि कुंपण यांची सक्ती केली. कायदा किमान सोयी ठरवतो. त्या सोयी शिकवू लागाव्यात याची जबाबदारी नकाशा काढणाऱ्यावर आणि शाळेवर येते.

इतर देशांतही हा विचार वेगवेगळ्या वाटांनी आला. अमेरिकेत विनेटका येथील क्रो आयलंड शाळेत (१९४०) खिडक्या आणि बसायच्या जागा मुलांच्या मापाने केल्या. हॉलंडमध्ये हर्मन हर्ट्झबर्गर यांनी डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेत मधल्या मार्गिकेत एक विटांचा ओटा बांधला, ज्याचे मुले रोज काहीतरी नवे करतात. इटलीतील रेज्जो एमिलियाच्या बालशाळांत परिसराला तिसरा शिक्षक मानले जाते. महाराष्ट्रात ज्ञानरचनावादी अध्यापनाची, म्हणजे मूल स्वतः करून, अनुभवातून ज्ञान रचते असे मानणाऱ्या शिकवण्याची, लाट सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधून (शाळांच्या गटातून) पसरली आणि वर्गाची फरशीच पाटी झाली. कोल्हापुरात लीलाताई पाटील (१९२७–२०२०) यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने अनुभवातून शिकण्याचा मराठी नमुना उभा केला. त्या शाळेचे नाव शिकवण्याच्या रीतीसाठी घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. इमारत कितीही नेटकी असली तरी तिच्याकडे बोट दाखवून प्रश्न विचारणारी बाई किंवा गुरुजी लागतातच.

मुलाच्या उंचीची मापे

पहिलीतले मूल साधारण ११० ते ११५ सेंटिमीटर उंच असते. फरशीवर मांडी घालून बसले की त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर येतात. खिडकीची पट्टी नेहमीच्या सवयीने तीन फुटांवर धरली, तर बसलेल्या मुलाला आभाळाखेरीज काही दिसत नाही. ती दोन फुटांच्या आत आणली की अंगण, झाड, रस्त्यावरची उसाची ट्रॉली सगळे वर्गात येते. फळ्याचेही तसेच. शिक्षकाच्या फळ्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतभर पट्टा मुलांच्या लिहिण्यासाठी सोडला, तर प्रत्येकाला स्वतःचा फळा मिळतो. गिलावा गुळगुळीत करून वर फळ्याचा रंग द्यावा लागतो, एवढेच.

दाराचा कोनमापक हा बालातील सर्वांत प्रसिद्ध घटक. दाराची फळी उघडताना जमिनीवर जो कमानीसारखा मार्ग आखते, त्यावर दहा-दहा अंशांच्या खुणा करतात. नव्वद सेंटिमीटर रुंद फळी असेल तर टोकाशी दोन खुणांमधले अंतर सुमारे पावणेसोळा सेंटिमीटर येते, म्हणजे मुलाला दोन खुणांमध्ये पाऊल ठेवता येते. 'दार तीस अंशांत उघड', 'आता काटकोन कर' असे म्हणता म्हणता कोन ही उघडण्याची, फिरण्याची गोष्ट आहे हे कळते. कंपासपेटीतल्या कोनमापकावरून ते इतक्या सहज कळत नाही. मात्र वर्तुळाचे केंद्र बिजागरीच्या पिनीच्या बरोबर खाली हवे. चौकटीचा कोपरा केंद्र धरला की सगळ्या खुणा सरकतात आणि दार चुकीचे माप सांगू लागते. रंगाऱ्यावर सोडून देण्यासारखे हे काम नाही. ओळंबा धरून बिंदू घ्यावा लागतो.

खिडकीचे गज हे दुसरे साधन. उभ्या गजांत दहा-दहा मणी ओवले की मोजदादीची चौकट तयार होते. लोखंडी पट्ट्यांनी खिडकीचे अर्धे, पाव, अष्टमांश असे भाग पाडले की पूर्वी तोंडपाठ होणारी पावकी-निमकी डोळ्यांना दिसते. नागमोडी, गोल, तिरप्या वळणांचे गज बोटाने गिरवले की लिहिण्यापूर्वीचा हाताचा सराव होतो. कोल्हापूरकरांना हे काम अवघड नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे ओतकामाचे आणि फॅब्रिकेशनचे कारागीर पिढ्यान्पिढ्या आहेत. साधे ग्रिल करणारा वेल्डर हेही ग्रिल करतो. फक्त कडा घासून गोल कराव्यात आणि दोन गजांत मुलाचे डोके अडकेल एवढी फट ठेवू नये.

पायऱ्यांची उंची काटेकोर पंधरा सेंटिमीटर ठेवली तर त्या मोजपट्टीचे काम करतात. पंचेचाळीस सेंटिमीटरचे जोते म्हणजे तीन पायऱ्या. त्याच जोत्यावर चाकाची खुर्ची नेण्यासाठी एकास बारा उताराचा रॅम्प करायचा तर त्याची लांबी पाच मीटर चाळीस सेंटिमीटर होते. गुणोत्तराचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, कारण हा रॅम्प कोणासाठी आणि इतका लांब का, हे मुले आपल्याच वर्गातल्या मित्राकडे पाहून समजून घेतात. सातवीपर्यंतच्या शाळेत जोत्याची पातळी शून्य धरून वरच्या पायऱ्यांवर धन आणि खालच्या पायऱ्यांवर ऋण संख्या लिहिल्या, तर पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी चालत करता येते.

ऊन आणि सावली

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे इथला सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो आणि मधल्या काळात दुपारी थोडा उत्तरेला असतो. अंगणात एक मीटर उंचीचा सरळ खांब रोवला की हे सगळे जमिनीवर उमटते. २१ डिसेंबरला मध्यान्हीची सावली उत्तरेकडे सुमारे ८४ सेंटिमीटर पडते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ती ३० सेंटिमीटरवर येते. २१ जूनला ती चक्क दक्षिणेकडे पडते आणि जेमतेम १२ सेंटिमीटर भरते. मध्यान्हही घड्याळाच्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, कोल्हापूर ७४.२ अंशांच्या आसपास; त्यामुळे सावली सर्वांत आखूड होते ती सरासरीने साडेबाराच्या पुढे तीन मिनिटांनी. ऋतूनुसार ही वेळ पाव तासाने मागेपुढे होते.

शून्य सावलीचे दिवस मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येतात. मेमध्ये सुट्टी, ऑगस्टमध्ये ढग. म्हणून मेमधला दिवस गाठायचा तर मुलांना सुट्टीत मुद्दाम बोलवावे, इतका तो अनुभव मोलाचा आहे. आणखी एक गोष्ट: जूनमध्ये दुपारचे ऊन उत्तरेकडून येत असल्याने इथे उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो. दिल्लीसाठी काढलेला नकाशा हे सांगत नाही.

पाऊस, नद्या, पूर

एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि शिरोळकडे त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. पश्चिमेच्या तालुक्यांत पावसाळ्यात पत्र्याखाली शिक्षकाचा आवाज पोहोचत नाही; तिथे पत्र्याखाली छत आणि पश्चिम-नैर्ऋत्येला खोल ओसरी ही शिकण्याचीच गरज आहे. ओसरी रुंद असेल तर महिनोन्महिने मैदान बंद असतानाही मुलांना खेळायला, संख्यारेषेवर उड्या मारायला जागा राहते. जांभ्याच्या भिंतींना या भागात गिलावा न करता ठेवले तर दगडाचा थर, चिऱ्यांची मांडणी, सांध्यांचा नमुना मुलांना दिसत राहतो.

पर्जन्यमापक आणि छपराची पन्हळ एकत्र वापरली की चांगले गणित होते. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे पन्नास लिटर पाणी. दहा मिलिमीटर पडला की पाचशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरची अडीच पिंपे. गगनबावड्यातल्या मुलांनी एका दिवसाचा हिशोब केला, तरी पन्हळीचा व्यास का मोठा हवा हे त्यांना कळते.

अंगणातला जिल्ह्याचा उठावाचा नकाशा हा कोल्हापूरसाठी सर्वांत समर्पक घटक. सिमेंटमध्ये पश्चिमेला सह्याद्रीची धार उंच करायची, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे चर बोटभर खोल कोरायचे, प्रयाग चिखलीजवळ ते पंचगंगेत आणायचे आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत सोडायची. दक्षिणेला दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी. उत्तरेच्या कडेने वारणा. तांब्याभर पाणी राधानगरीवर ओतले की ते भोगावतीतून कुठे जाते ते मुले धावत जाऊन बघतात. नकाशाची उत्तर खरी उत्तरच असली पाहिजे, आणि अंगणाचा उतारही पूर्वेकडे हवा. नाहीतर पाणी उलटे वाहते. म्हणून जागा आधी शोधावी, हौसेने दिसेल तिथे नकाशा काढू नये.

पुराच्या पट्ट्यात भिंत स्वतःच नोंदवही होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आंबेवाडी, प्रयाग चिखली यांसारख्या गावांत पाणी घराघरांत शिरले. शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ आणि वर्ष कोरून ठेवले, तर मुले ती स्वतःच्या उंचीशी ताडून बघतात. बंधाऱ्यावर ५५ फूट आणि शाळेत कमरेएवढे, हे दोन्ही खरे कसे, असा प्रश्न लगेच येतो. बंधाऱ्यावरचा शून्य नदीच्या पात्रात खाली आहे आणि शाळेचा जोत्यावर, हे समजले की मोजमापातला मूळ मुद्दा समजतो. अशा गावांत शैक्षणिक खुणा रंगाने न करता कोरून, फरशी बसवून किंवा ओतीव लोखंडात कराव्यात. साधा रंग पुराच्या गाळात टिकत नाही.

रंगवलेल्या भिंतींविषयी

बहुतेक ठिकाणी निधी मिळतो तो वर्ष संपता संपता, आणि मग एका आठवड्यात सगळी शाळा रंगते. सात फुटांवर इंग्रजी महिने, वर सुविचार, एका कोपऱ्यात सूर्यमाला, तिच्यात सगळे ग्रह एकाच आकाराचे. मुलांचा हात तिथे पोहोचत नाही आणि पंधरा दिवसांनी नजरही जात नाही. मुलाला काही करता येत नाही असा घटक बालात बसत नाही. ज्याला हात लागतो, ज्यावर खडूने लिहून पुसता येते, ज्याचे उत्तर रोज बदलते, तोच टिकतो. ठिपक्यांची पाटी साधी दिसते, पण रांगोळी, भूमिती, सममिती, क्षेत्रफळ सगळे तिच्यावर होते. पंख्याच्या पात्यांवर सात रंग देऊन तो फिरवला की रंग एकमेकांत मिसळून फिकट पांढुरका होतो, आणि बटण मुलाच्याच हातात असते.

कामाचा क्रम

नवी वर्गखोली होत असेल तर शिक्षकांचे म्हणणे पाया आखताना घ्यावे लागते. खिडकीची उंची, पायरीचे माप, दाराची बाजू, गजाचा नमुना आणि अंगणाचा उतार हे पाच निर्णय तेव्हा जवळजवळ फुकट पडतात. गिलावा झाल्यावर त्यांतले काही बदलत नाही. जुन्या, निर्लेखनाच्या (मोडीत काढण्याच्या) वाटेवरच्या खोलीत आधी गळती आणि वीजजोडणी, मग बाला. शाळा व्यवस्थापन समितीत गवंडी, वेल्डर किंवा सुतार असलेला पालक असेल तर कामाचा दर्जा वाढतो, कारण लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळेत दुरुस्तीलाही तोच येतो. मोडलेला मणी, झिजलेली खूण आणि गंजलेला गज यांची पाहणी शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करून घेणे सोयीचे पडते. पाऊस बसला की सिमेंटचे आणि रंगाचे काम दसऱ्यापर्यंत निघत नाही.