पाट्या मोजाव्यात की रिकामी जागा?

चिपळूणच्या माझ्या भाचीला पाचवा महिना संपत आलाय. परवा तिचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. टोटल टी-फोर, म्हणजे रक्तातलं एकूण थायरॉइड संप्रेरक, ठळक अक्षरांत, शेजारी वर जाणारा बाण. थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच मात्र ठीक. आजीने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, शेजारणीने थायरॉइडवरचा काढा आणून दिला. गाऱ्हाण्याने काही बिघडत नाही. काढ्याची बाटली मात्र मी उघडू दिली नाही.

रक्तातलं जवळपास सगळं टी-फोर प्रथिनांना चिकटून फिरतं. मोकळं असतं ते जेमतेम ०.०३ टक्के, आणि पेशींच्या कामी येतं तेवढंच. यातला मोठा वाहक म्हणजे थायरॉक्सिन-बाइंडिंग ग्लोब्युलिन, टीबीजी. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलं की या प्रथिनावर सायलिक आम्लाचा (साखरेसारख्या रेणूचा) मुलामा जास्त चढतो, ते रक्तात जास्त काळ टिकतं आणि दुपटीच्या वर जातं. वाहक वाढले की टोटलही वाढणारच.

हे टीबीजी मोजायचं कसं? मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या पाट्या लागल्यात असं समजा. पाटी म्हणजे टीबीजी, मासा म्हणजे टी-फोर, आणि पाटीत मासा एकच मावतो. जुनी पद्धत, टी-थ्री अपटेक, पाट्या मोजतच नाही. ती किरणोत्सारी आयोडीन लावलेलं टी-थ्री (थायरॉइडचंच दुसरं संप्रेरक) रक्तद्रवात ओतते. टीबीजीवरची टी-थ्रीची पकड टी-फोरपेक्षा सैल, म्हणून ते बसलेल्या टी-फोरला फारसं उठवत नाही, रिकाम्या पाट्यांतच जातं. उरलेलं टी-थ्री रेझिन नावाचा शोषक पदार्थ टिपून घेतो आणि मोजला जातो तो रेझिनचा किरणोत्सार, हाच अपटेक. म्हणजे सगळं उलटं: गरोदरपणात रिकाम्या पाट्या जास्त, म्हणून अपटेक कमी, थायरॉइड खरंच जोरात असेल तर पाट्या भरलेल्या, म्हणून अपटेक जास्त. टोटल टी-फोर दोन्हीकडे वरच! मला ही युक्ती भारी आवडते.

दुसरी पद्धत इम्युनोअसे, ती पाट्याच मोजते: तिच्यात अँटीबॉडी थेट टीबीजी प्रथिनालाच ओळखते. पाटी भरलेली की रिकामी, तिला देणंघेणं नाही. पण बूड फुटकी पाटीही ती मोजते: जन्मतः सदोष टीबीजीची पकड कमजोर असली तरी आकडा ठीक येऊ शकतो. उलट फेनिटोइनसारखं फेफऱ्यावरचं औषध जागा अडवून बसलं तर फसतं ते अपटेक.

भाचीला टीबीजी करायला कुणी सांगितलंच नव्हतं. सोळाव्या आठवड्यानंतर टोटल टी-फोरची वरची मर्यादा साधारण दीडपट धरतात. लॅबने गरोदर नसलेल्यांची छापली होती. डॉक्टरांनी पेनाने बाणावर काट मारली.