बाल कल्याण समिती की बाल न्याय मंडळ? नाव सारखं वाटतं, काम नाही

आमच्या ओळखीतल्या एक मावशी आहेत, नवरा गेला तेव्हापासून दोन मुलं घेऊन भावाच्या घरी राहतात. कोणीतरी सांगितलं की बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरा, मुलांच्या शिक्षणाला महिन्याला पैसे मिळतात. बिचारीने सगळं गोळा केलं, मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, पासबुकची झेरॉक्स. आणि मग ऑफिसात सांगण्यात आलं की मुलांना घेऊन बाल कल्याण समितीपुढे यावं लागेल. संपलं. मावशींनी पिशवी उचलली आणि सरळ घरी. "माझ्या पोरांनी काय चोरी केलीय का? तिथे रिमांड होमची पोरं नेतात, मला माहितीये."

त्यांना जे माहिती होतं ते अर्धं बरोबर होतं, फक्त ते दुसऱ्या ऑफिसबद्दल होतं. आणि ही गल्लत एकट्या मावशींची नाही. चांगले शिकलेले लोक करतात, पेपरवाले करतात, मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातातल्या अल्पवयीन गाडीचालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला आणि त्यावरून गदारोळ झाला तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर निम्मे लोक "बाल कल्याण समिती बरखास्त करा" म्हणून ओरडत होते. अहो, त्यात समितीचा काही संबंधच नव्हता, तो जामिनाचा आदेश बाल न्याय मंडळाचा होता.

गोंधळ होतो त्याला कारणंही तशीच आहेत म्हणा. दोघांचा जन्म एकाच कायद्यातला, बाल न्याय अधिनियम २०१५, जो जानेवारी २०१६ पासून लागू झाला. दोन्ही जिल्हा पातळीवर असतात, बऱ्याच ठिकाणी एकाच आवारात बसतात, कधीकधी तर बाहेरचा बाकडाही एकच. दोघांनाही दंडाधिकाऱ्यासारखे अधिकार आहेत, दोघांपुढेही मुलाला २४ तासांच्या आत हजर करावं लागतं (प्रवासाचा वेळ सोडून), आणि दोघांच्या नावात "बाल" आहे. बाहेर बसलेल्या आईला काय कळणार कोणत्या दारातून काय निघणार.

कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालकच म्हणतो पण त्यांचे दोन गट करतो. एक, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालकं. दुसरा, विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे ज्याच्यावर काही गुन्हा केल्याचा आरोप आहे असं मूल. पहिला गट समितीकडे, दुसरा मंडळाकडे. मला विचाराल तर सगळ्यात सोपी खूण ही की समिती विचारते "या मुलाला काय पाहिजे", आणि मंडळ विचारतं "याने काय केलं, खरंच केलं का, आणि आता याला परत सरळ मार्गावर कसं आणायचं". प्रश्न वेगळा म्हणून माणसंही वेगळी. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक बाई पाहिजेच, आणि हे लोक बहुतेक समाजकार्य, शिक्षण, आरोग्य, मानसशास्त्र, कायदा असल्या क्षेत्रातून येतात, तीन वर्षांसाठी. मंडळात मात्र एक प्रमुख दंडाधिकारी म्हणजे खरेखुरे न्यायाधीश असतात आणि सोबत दोन समाजकार्यकर्ते, त्यातही एक बाई.

आता समितीकडे कोण कोण येतं ही यादी बघितली की मावशींसारख्यांची भीती कमी होईल. रेल्वे स्टेशनवर एकटं सापडलेलं पोरगं, घरातून रुसून पळालेलं, भीक मागायला लावलेलं, हॉटेलात कप विसळणारं, आईवडील दोघंही गेलेलं, आईबाप आहेत पण आजारी किंवा सांभाळायला असमर्थ आहेत असं, ज्याच्यावर अत्याचार झालाय असं, आणि जिचं १८ च्या आत लग्न लावायचं घाटतंय ती मुलगी सुद्धा. हे शेवटचं लोकांना माहितीच नसतं, त्यांना वाटतं बालविवाह म्हणजे फक्त पोलीस आणि ग्रामसेवक. लग्न लागायच्या आधीच समिती तिच्या बाबतीत आदेश देऊ शकते. बाळ दत्तक द्यायचं असेल तर ते कायद्याने "मोकळं" जाहीर करण्याचं कामही समितीचंच, आईने स्वतः बाळ सोपवलं तर तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात, दवाखान्यातून परस्पर कोणाच्या ओटीत घातलं असं चालत नाही.

समितीपुढे गेलं म्हणजे मूल काढून घेतात, ही दुसरी मोठी भीती. खरं म्हणजे कायद्याचं तत्त्व उलटं आहे, मूल घरातच राहावं, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. समिती आधी घरची चौकशी करून घेते, समाजकार्यकर्ता घरी जाऊन बघून येतो, अहवाल साधारण १५ दिवसांत द्यायचा असतो आणि पूर्ण चौकशी चार महिन्यांत आटपायची असते. मग ठरतं की मूल आईवडलांच्या ताब्यात द्यायचं, नातेवाईकाकडे द्यायचं, आर्थिक मदत द्यायची, की खरंच कोणीच नाही म्हणून बालगृहात ठेवायचं. अर्थात कागदावर चार महिने म्हणजे चारच महिने असं प्रत्येक जिल्ह्यात होतं असं मी म्हणणार नाही, सदस्यांची पदं रिकामी असली की तारखा लांबतात आणि लांबच्या गावातून आलेल्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच.

मंडळाचं काम वेगळं. तिथे येतो तो मुलगा किंवा मुलगी ज्याचं नाव पोलीस स्टेशनच्या कागदावर आलंय. पण तिथेही मोठ्यांच्या कोर्टासारखं नाही. गणवेशातल्या पोलिसाने मुलाला हाताळायचं नाही, बेड्या नाहीत, लॉकअप नाही, प्रत्येक पोलीस स्टेशनात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो त्याने हे सगळं बघायचं. भाषासुद्धा वेगळी ठेवायची, आरोपी, अटक, शिक्षा हे शब्द टाळायचे. म्हणूनच पेपरात "अल्पवयीन मुलाला ताब्यात घेतलं" असं छापून येतं, "अटक केली" असं नाही, ते काही पेपरवाल्यांचं मऊ मन नाही, कायद्याचीच भाषा आहे ती.

आणि जामीन. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज असतो. गुन्हा जामीनपात्र असो नाहीतर नसो, मुलाला सोडायचं हा नियम आणि ठेवून घ्यायचं हा अपवाद. सोडलं तर तो कुख्यात गुन्हेगारांच्या नादी लागेल, किंवा त्याच्याच जिवाला वा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं वाटलं तरच मंडळ जामीन नाकारू शकतं, आणि नाकारताना कारण लिहावं लागतं. जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण करता आली नाही, समजा घरच्यांकडे जामीनदारच नाही, तर मुलाला परत मंडळापुढे आणून अट बदलायची हेही कायद्यात आहे. गरीब घरातल्या आईवडलांना हे कोणी सांगत नाही आणि ते कुठूनतरी व्याजाने पैसे काढत बसतात. फुकट वकील मिळणं हा तर मुलाचा हक्कच आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून.

मंडळ शेवटी काय करतं? समज देऊन घरी पाठवतं, समुपदेशनाला बसवतं, समाजसेवा करायला लावतं, आईवडलांना दंड भरायला सांगतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवतं, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. १६ ते १८ मधला असेल आणि गुन्हा निर्घृण प्रकारातला असेल, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं आणि केस बाल न्यायालयाकडे जाऊ शकते, जिथे मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. बघा, हे तिसरं नाव आलं, आणि शिवाय राज्याचा बालहक्क आयोग आहे तो चौथा, नावं ठेवणाऱ्यांनी जरा दया करायला पाहिजे होती.

पालकांचा खरा प्रश्न मात्र पुढचा असतो, आयुष्याचं वाटोळं झालं का, सरकारी नोकरी गेली का? नाही. मंडळाकडे निकाल लागलेल्या मुलाला त्या कारणावरून कुठेही अपात्र धरता येत नाही, ठराविक मुदतीनंतर ती नोंद नष्ट करायची असते. बाल न्यायालयाने मोठ्यांसारखी शिक्षा दिलेल्या १६ वर्षांवरच्या मुलांची गोष्ट तेवढी वेगळी.

राहण्याच्या जागांची नावंही लक्षात ठेवा कारण घोळ तिथेच होतो. समिती ठेवते ते बालगृह. मंडळ चौकशी चालू असताना ठेवतं ते निरीक्षणगृह. आपण दोन्हीला सरसकट रिमांड होम म्हणतो, हा शब्द जुन्या मुंबई बालक कायद्याच्या काळापासून जिभेवर बसलाय. मुंबईत डोंगरी म्हटलं की अजून लोकांच्या अंगावर काटा येतो आणि आया पोरांना दम देताना तेच नाव घेतात. १९८६ च्या कायद्यात तर मुलग्यांचं वय १६ पर्यंत आणि मुलींचं १८ पर्यंत धरायचे, २००० च्या कायद्याने दोघांचं १८ केलं आणि समिती नि मंडळ ही आजची नावं तेव्हाच आली. म्हणजे पाव शतक झालं, तरी रिमांड होम काही सुटत नाही.

दोन्ही दारं एकाच घरासाठी एकाच दिवशी कशी उघडतात याचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण म्हणजे पळून गेलेलं जोडपं. मुलगा १७ चा, मुलगी १६ ची, घरचे तक्रार देतात, पोलीस आठवड्याने दोघांना शोधून आणतात. मुलगी कायद्याने संमती देऊ शकत नाही म्हणून तिला समितीपुढे नेतात, पोक्सोखालची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालची) माहिती पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायची असते, समिती तिला सहाय्यक व्यक्ती देऊ शकते जी केस संपेपर्यंत तिच्या बाजूने उभी राहते. आणि मुलगा? तो मंडळापुढे. तोही बालकच आहे, पण त्याच्या कागदावर कलमं आहेत. दोघांचे आईवडील बाहेर एकाच झाडाखाली एकमेकांकडे पाठ करून उभे, आणि कोणालाच कळत नाही की आपल्या पोराला वेगळ्या खोलीत का नेलं. मुलगा तिथे "दोषी" म्हणून गेला आणि मुलगी "सुटली" असं काही नसतं, मुलीलाही घरी जायचं नसेल किंवा घरी मारहाणीची भीती असेल तर समिती तिला बालगृहात ठेवू शकते, आणि मुलगा संध्याकाळपर्यंत घरी असू शकतो. बाहेरून बघणाऱ्याला हे उलटंच दिसतं.

कधीकधी एकच मूल एका दारातून दुसऱ्यात जातं. मोठ्या माणसांनी पाकीट मारायला शिकवलेला दहा वर्षांचा मुलगा मंडळापुढे आला आणि मंडळाला दिसलं की हा तर वापरला गेलाय, याच्या मागे कोणी नाहीये, तर मंडळ त्याला समितीकडे पाठवतं, तसा अधिकार आहे. मुलांना असं वापरणाऱ्यांसाठी वेगळी शिक्षा आहेच.

पैशाचं थोडक्यात. बालसंगोपन ही राज्याची योजना, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना म्हणतात, एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना वेगळी, तिथे ४००० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. बालसंगोपनाचा आदेश समितीचा लागतो म्हणून मुलाला समोर आणायला सांगतात, बस, एवढंच कारण. मंडळाचा या पैशांशी काही संबंध नाही.

एकटं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करा, तो नंबर १९९६ साली मुंबईत सुरू झाला होता आणि आता ११२ शीही जोडलाय. फोन करा पण फोटो काढून ग्रुपवर "कोणाचं आहे ओळखा" टाकू नका. दोन्ही प्रकारच्या मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि "मदतीसाठी टाकलं होतं" म्हणून सुटका होत नाही.

समन्स, चिठ्ठी, फोन, काहीही आलं तर आधी विचारायचं, समिती का मंडळ? मंडळ म्हणाले तर वकिलाचं बघा, शाळेचा वयाचा पुरावा हातात ठेवा कारण वय गुन्ह्याच्या तारखेचं धरतात आणि सगळं त्यावरच अडतं. समिती म्हणाले तर मुलाची कागदपत्रं आणि मुलाला घेऊन जा, वकील लागतोच असं नाही.

मावशी शेवटी तीन महिन्यांनी गेल्या, मी सोबत होते. टेबलापलीकडे पाच जण, धाकट्याला विचारलं शाळेत कोणता विषय आवडतो, तो म्हणाला पीटी. मोठीला विचारलं मामाकडे झोपायला जागा कुठे, ती आईकडे बघायला लागली, तेव्हा एका बाईंनी मावशींना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं आणि मुलीशी एकटीशी बोलल्या. बाहेर मावशी माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. वीस मिनिटांत सगळं झालं, पुढच्या आठवड्यात घर बघायला कोणीतरी येईल असं सांगितलं, आणि जिना उतरताना मावशींनी धाकट्याला टपली मारली, "पीटी काय सांगतोस, गणित सांगायचं होतंस."