कुलगुरू (कोकण)

विद्यापीठाचा दैनंदिन कारभार आणि शैक्षणिक दिशा या दोन्हींची जबाबदारी असलेला प्रमुख अधिकारी. महाराष्ट्रात राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. शोध समितीने सुचवलेल्या नावांतून ते कुलगुरू नेमतात. मुदत ५ वर्षांची. हिंदीत याच पदाला आजवर ‘कुलपति’ म्हणत आल्याने अनुवादित मजकुरात नेहमी गोंधळ होतो.

कोकणाने हे पद भूषवणारी माणसे फार आधीपासून दिली. मालवणात जन्मलेले रा. गो. भांडारकर १८९३ ते १८९५ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा भांडारकर त्याचे पहिले कुलपती झाले आणि मुर्डीचे रँग्लर (केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या श्रेणीत आलेले) र. पु. परांजपे पहिले कुलगुरू. मुरुड आणि मुर्डी, दोन्ही गावे दापोली तालुक्यातली! परांजपे पुढे लखनौ आणि पुणे विद्यापीठांचेही कुलगुरू झाले. या सगळ्यांना कर्तृत्वासाठी कोकण सोडावे लागले, हे मात्र विसरता येत नाही.

१८ मे १९७२ रोजी दापोलीत कृषी विद्यापीठ उभे राहिले आणि कुलगुरू कोकणातच बसू लागले. येथवर पोहोचणारे बहुतेक जण प्राध्यापक, विभागप्रमुख, सहयोगी अधिष्ठाता, संचालक अशा पायऱ्या चढून येतात. कार्यकारी परिषद आणि विद्या परिषद यांचे अध्यक्षपद कुलगुरूंकडे असते. शिक्षणाइतकाच भार संशोधनाचा आणि विस्ताराचा, म्हणजे ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचा. विद्यापीठाची संशोधन केंद्रे अशी: कर्जतला भात, भाट्ये येथे नारळ, वेंगुर्ल्याला आंबा आणि काजू.

या पदाची खरी कसोटी झाडांपाशी लागते. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापावा आणि कोयीजवळचा गर पांढरट, आंबूस निघावा, हा ‘साका’ बागायतदाराचा घास हिरावतो. त्यावर वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साकाविरहित ‘रत्ना’ तयार झाला. तो १९८१ साली प्रसारित झाला. संकरित रोपाला फळ धरायलाच काही वर्षे लागतात, मग चव, उत्पादन, नियमितपणा पारखायला आणखी कितीतरी हंगाम. ५ वर्षांत हे बसत नाही. म्हणून आधीच्यांनी लावलेली कलमे राखणे, त्यांच्यासाठी माणसे आणि निधी टिकवणे, हे नव्या योजनांच्या घोषणांपेक्षा मोठे काम मानायला हवे. त्याच रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून ‘सिंधू’ निघाला, अगदी पातळ कोयीचा. साल होते १९९२.